हर्रासाच्या ओट्यावरची विशेष सभा

पार्बताबाई वाकोडे यांच्याकडून भाजी घेताना तोंड बंद ठेवायचं असतं, हे मला पहिल्याच खेपेला कळलं. मेथीची जुडी उचलून मी म्हटलं, "जरा जून वाटते." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग तुमी अन् मी काय कवळ्या हावो का, मास्तरीनबाई?" शेजारच्या बाया फिदीफिदी हसल्या. मी मुकाट्याने मेथी घेतली. वर त्यांनी मूठभर सांबार फुकट टाकला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तो विकत मागणाऱ्या माणसाला पुण्याचा समजतात.

अमरावतीच्या त्या भाजीबाजारात पार्बताबाईंची गाडी फाटकाला लागून, लिंबाखाली उभी असे. आत जाणाऱ्याला आधी पार्बताबाई ओलांडाव्या लागत आणि बाहेर येणाऱ्याला पुन्हा. नवरा गेल्यावर, मुलगी गीतांजली अजून शाळेत असताना, त्यांनी ती जागा धरली. त्यावर मुलीला शिकवली, अकोल्याला दिली, तिच्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू नेले आणि दोन्ही वेळा, "माही गाडी एकटी हाय," म्हणून तिसऱ्या दिवशी परतल्या. त्यांच्याशी भांडून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. हरलेले पुष्कळ पाहिले, त्यात मी धरलेली.

आता माझा त्यांच्याशी संबंध मेथीपुरता राहिला असता, पण मी निवृत्त झाले आणि माझ्या अक्षराने घात केला. अक्षर चांगलं म्हणून बाजारातल्या परस्पर विमा मंडळाने मला सचिव केलं. या मंडळाची कल्पना साधी आणि फार सुंदर आहे. भाजी पिकवणारे आणि विकणारे यांनी मिळून ते काढलेलं. सगळ्यांनी दरवर्षी थोडं थोडं घालायचं आणि कुणाची गाडी जळली, वादळात छत्री उडाली, वजनकाटा मोडला, तर मंडळाने त्याला गाडीच्या जागी गाडी आणि काट्याच्या जागी काटा द्यायचा. मालक कोणी नाही, सगळेच सभासद. म्हणजे शेवटचा शब्द सभासदांच्या सभेचा. निदान पोटनियमांत तसं छापलेलं आहे.

आणि इथेच माझ्या आयुष्यातला संताप सुरू झाला. मी चाळीस मिनिटांच्या तासाला एकोणचाळिसाव्या मिनिटाला खडू खाली न ठेवणारी बाई. मंडळाच्या वार्षिक सभेच्या सूचनेत सर्व महाराष्ट्राला पाठ असलेली ती ओळ असे: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही. ही सोय कधीमधी अडचण आली तर वापरायची. आमच्या सभासदांनी तिचा अर्थ असा घेतला की सभा अर्ध्या तासाने असते. दिलेल्या वेळेला सभागृहात मी, अध्यक्ष आणि पंखा एवढेच हजर. अध्यक्ष गंभीर आवाजात रिकाम्या खुर्च्यांना सांगत, "सभा तहकूब." मी तसं लिहीत असे. मग आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांकडे न बघता बसत असू, आणि बरोबर त्यानंतर सगळा बाजार हसतखेळत आत येई. अर्ध्या तासाला इतके पक्के, की त्यांना बेशिस्त तरी कसं म्हणावं!

अध्यक्ष म्हणजे चंद्रभानजी. मूळचे अचलपूरचे. पार्बताबाईंचं माहेरही तेच, एकाच आळीतलं. त्यामुळे सगळा बाजार त्यांना "अध्यक्षसाहेब" म्हणे आणि पार्बताबाई चारचौघांत "चंद्रभान" आणि रागात "चंद्या" म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीला चिकटला होता आणि पुतण्यावर फार माया होती. पुतण्या मनोज रसाची गाडी लावायचा, बाजाराच्या पार मागच्या कोपऱ्यात. त्याला फाटकाजवळची जागा हवी होती. कुणालाही हवी असती.

मग उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, ठेकेदाराने घोळ घातला.

ठेकेदार म्हणजे आमच्या बाजारातला मोकाट सांड. रोज प्रत्येकाकडून थोडं थोडं वसूल करून कामधाम काही करत नसे, म्हणून हे नाव. पार्बताबाईंच्या गाडीपाशी तो रोज सकाळी येई, कालची उरलेली मेथी खाई आणि शिव्या ऐकून पुढे जाई. त्या दिवशी रस्त्यावरून वरात चालली होती. कुणीतरी फटाक्यांची लड लावली. ठेकेदार बिथरला आणि पार्बताबाईंच्या गाडीवरून नव्हे, गाडीतूनच पलीकडे गेला. चाकं एकीकडे, फळ्या दुसरीकडे. पार्बताबाई वांगी निवडायला खाली वाकल्या होत्या म्हणून वाचल्या.

त्यांनी मंडळाकडे गाडी मागितली. पोटनियमांत "आग, गारपीट, वादळ व आकस्मिक अपघात" असं आहे. संचालकांच्या बैठकीत चंद्रभानजींनी चष्मा वर सरकवला.

"आकस्मिक म्हंजे काय, मॅडम?"

"अचानक घडलेलं," मी म्हटलं.

"अन् सांड किती दिवसापासून येऊन राहिला?"

"रोजच येतो."

"मंग! जे रोज येते ते अचानक कसं? वादळ रोज येते का? हा अपघात नाई. नामंजूर."

मी फटाक्यांचं काढलं, तर म्हणाले, "तुमी लिवा फक्त." आजतागायत मला कुणी "तुम्ही फक्त लिहा" म्हटलं नव्हतं. मी शिकवत असताना म्हणणारी मीच होते.

गाडी गेली म्हणजे एवढंच गेलं असतं तर पार्बताबाईंनी ती पुन्हा कशीतरी उभी केली असती. पण बाजाराची रीत अशी, की ज्याची गाडी उभी त्याची जागा. पोळ्यापर्यंत गाडी उभी झाली नाही तर जागा मोकळी, कुणीही घ्यावी. पार्बताबाई खाली तरट टाकून बसू लागल्या, तर तेही रीतीत बसेना. त्यांना मागच्या भिंतीशी जावं लागलं. आणि लिंबाखाली मनोजची रसाची गाडी "सध्यापुरती" येऊन उभी राहिली. तिकडे गीतांजलीचे अकोल्याहून रोज फोन. आई, आता पुरे झालं, इकडे ये, नातवंडं सांभाळ, टीव्ही बघ. अकोल्यावर माझा काही राग नाही. पण पार्बताबाईंना तिसऱ्या मजल्यावर टीव्हीपुढे बसवणं म्हणजे काय, ते त्यांच्या लेकीलाही कळत नव्हतं.

एके दुपारी त्या माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीनबाई, या मंडळात चंद्याच्या वर कोनी हाय का नाई?"

"आहे," मी म्हटलं. "सभासदांची सभा आहे. एक पंचमांश सभासदांनी सही करून मागणी केली, तर अध्यक्षांना महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते."

"मंग इतके दिवस सांगलं काहून नाई?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुमी बी ठेकेदारच हाव," त्या म्हणाल्या आणि सह्या गोळा करायला निघून गेल्या. दोन दिवसांत हव्या त्याहून जास्त सह्या आल्या. गाडी परत उभी राहिल्यावर नाही म्हणणाऱ्याला रोज फाटकातून त्यांच्यासमोरूनच जावं लागेल, अशी त्यांनी सर्वांची खात्री पटवली होती.

चंद्रभानजींनी मागणी वाचली आणि चक्क खूश झाले. लगेच तारीख दिली, संध्याकाळची वेळ, नेहमीचं सभागृह. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सभासदांनी मागून घेतलेल्या सभेला ती अर्ध्या तासाची सवलत नसते. वेळेला गणपूर्ती नसेल तर अध्यक्षांनी अर्धा तास वाट पाहायची आणि सभा रद्द करायची. तहकूब नाही, रद्द. आणि आमचे सभासद अर्ध्या तासाने म्हणजे अर्ध्या तासानेच येणार, हे अध्यक्षांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी सूचनेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "वेळेवर उपस्थित राहावे." पण ते आम्ही दरवर्षीच लिहीत होतो. मी पार्बताबाईंना बसवून समजावलं. त्यांनी सगळ्या बाजाराला समजावलं, एकेकाच्या नावाने आणि काहींच्या आईबापांचा उल्लेख करून. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या संध्याकाळी सभागृहात मी, अध्यक्ष आणि पंखा. मी दाराकडे बघत होते आणि चंद्रभानजी घड्याळाकडे. अर्धा तास संपला, ते उठले, "सभा रद्द," म्हणाले, आणि आपल्या डब्यातला गिला वडा काढून मलाही एक दिला. मी घेतला नाही. तेवढ्यात जिन्यावर हसण्याबोलण्याचा आवाज झाला आणि अख्खा बाजार आत आला. सर्वांत पुढे पार्बताबाई, नऊवारी बदलून, केस नीट विंचरून.

"तुम्हीसुद्धा?" मी जवळजवळ किंचाळले.

त्यांचा चेहरा पडला. "अवो, मले वाटलं हे सारे उशिराच येतीन. एकटी येऊन काय त्या पंख्याशी बोलू का?"

मी बाकीच्यांना विचारलं. प्रत्येकाचं उत्तर तेच. आपण वेळेवर यायचं, आणि बाकीचे नाही आले तर? सगळ्यांनी एकमेकांच्या उशिरावर इतका भरवसा ठेवला होता, की तेवढा एकमेकांच्या शब्दावर ठेवला असता तर मंडळाला सचिवाची गरज पडली नसती.

दुसऱ्या दिवशी मी पार्बताबाईंपाशी, म्हणजे मागच्या भिंतीशी, जाऊन भडाभडा बोलले. आयुष्यभर मुलांना घंटेवर वर्गात बसवलं, पण तुमच्यासारखी माणसं पाहिली नाहीत. लग्नाला उशिरा, सभेला उशिरा, डॉक्टरकडे उशिरा. या पृथ्वीवर अशी एक तरी जागा आहे का, जिथे तुम्ही लोक वेळेवर जाता?

मला वाटलं होतं त्या उलट बोलतील.  पण हळूहळू त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की वर्गात ते मला दिसलं असतं तर मी दप्तर तपासलं असतं.

"मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "उद्या पायटी पाचले बाजारात या बरं."

मी गेले. पहाटे पाचला मी जागी असते, पण फक्त चहापुरती. बाजाराच्या आवारात दिव्यांचा उजेड होता आणि ओट्यावर नत्थुजी उभे होते. नत्थुजी हर्रास बोलतात. हर्रास म्हणजे लिलाव. आसपासच्या गावांतून रात्रभर आलेल्या भाजीचे ढीग, आणि भोवती विकणारे, पिकवणारे, सगळे. माझ्या यादीवरचे सगळे सभासद तिथे होते. माझ्या उभ्या कारकिर्दीत मी त्यांना एका जागी, एका वेळी, इतक्या शांतपणे उभे पाहिले नव्हते. पाचचा ठोका पडला आणि नत्थुजींनी पहिल्या ढिगावर हात ठेवला. "बोला!" एक माणूस धापा टाकत फाटकातून आला, तोवर गवारीचा ढीग दुसऱ्याचा झाला होता. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"इथं कोनी कोनाची वाट नाई पाहत," पार्बताबाई माझ्या कानाशी म्हणाल्या.

पण सभा कुठे आणि केव्हा घ्यायची ते अध्यक्ष ठरवतात. ते काही पहाटे पाचला ओट्यावर सभा बोलावणार नव्हते. मी घरी येऊन पोटनियम पुन्हा वाचले आणि वाट सापडली. मागणी करूनही अध्यक्षांनी महिनाभर सभा बोलावलीच नाही, तर मागणी करणारे सभासद सचिवामार्फत ती स्वतः बोलावू शकतात. वेळ त्यांची, जागा त्यांची. फक्त आठ दिवस आधी सूचना सगळ्यांना गेली पाहिजे. अडचण एकच. गेल्या खेपेला चंद्रभानजींनी तत्परतेने सभा बोलावून बाजी मारली होती. ते या खेपेला का थांबतील?

"ते माह्यावर सोडा," पार्बताबाई म्हणाल्या. "तुमाले कायदा समजते, मले चंद्या समजते. लहानपणी त्याची माय त्याले जेवू कसं घाले ठाव हाय? ताटापुढं बसवे अन् म्हणे, खबरदार भाकरीले हात लावला तं!"

दुसऱ्यांदा सह्या झाल्या, मागणी दिली गेली. आणि त्या दिवसापासून पार्बताबाईंनी चंद्रभानजींच्या मागे लागायला सुरुवात केली. भर बाजारात त्यांची वाट अडवत. आवाज असा रडवेला, की मला हसू लपवायला पदर तोंडाला लावावा लागे.

"अध्यक्षसायेब, हात जोडते, लवकर बोलवा सभा. उद्याच बोलवा. महिना लावसान तं मी मेली!"

अध्यक्षसायेब! जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला होता. चंद्रभानजी तो ऐकून इंचभर उंच झाले. "पाहू, पाहू," ते म्हणाले. "कार्यबाहुल्य हाय."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आडव्या. "सायेब, पोळा जवळ येऊन राहिला. असं नका करू, येवढ्यात बोलवा नं!"

"पाहू म्हटलं नं!"

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी डोळ्याला पदर लावला. चंद्रभानजींना इतकं समाधान झालं, की ते जाताना चिंचा विकत घेऊन गेले. बिचाऱ्यांना वाटलं, वाट पाहायला लावणं म्हणजे जिंकणं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला बहुधा असं वाटतंच. महिना संपला आणि सभा काही बोलावली गेली नाही.

मधल्या काळात लिंबाखालीही एक गोष्ट घडली. माणसं जागा बदलतात, पण सांडाला कोण सांगणार? ठेकेदार रोज सकाळी आपल्या जागेवर येई. पार्बताबाई नाहीत, मेथी नाही, म्हणून तो मनोजच्या गाडीतली संत्र्यामोसंब्यांची सालं खाऊ लागला. मनोज शिकलेला मुलगा, त्याला शिव्या कशा द्यायच्या ते येईना. त्याने काठी मारली. ठेकेदाराने रागावून नव्हे, नुसती पाठ खाजवायला म्हणून गाडीला खांदा घासला. गाडी कलंडली, चाक वाकलं आणि रसाचं यंत्र गटारात गेलं.

मनोज रीतसर माझ्याकडे आला. "मॅडम, विम्यात गाडी भेटते नं?"

"तुझ्या काकांना विचार," मी म्हटलं. याहून गोड आवाजात मी कधी बोलले नव्हते.

काकांनी त्याला काय सांगितलं ते मनोजनेच मला दोन दिवसांनी सांगितलं. काका म्हणाले, चूप बस, पोळा होऊन जाऊ दे, मंग पाहू. मनोज चूप बसला. पण यंत्र धुऊन, वाकलेल्या चाकाखाली वीट लावून रस विकताना त्याचा चेहरा काही चूप बसत नव्हता.

मी सूचना काढली. विशेष सर्वसाधारण सभा, स्थळ हर्रासाचा ओटा, वेळ पहाटे पाच. चंद्रभानजींच्या हातात मी स्वतः दिली. ते वाचून इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"पायटी पाचले? संध्याकाळी जे येत नाई ते पायटी पाचले येतीन?"

आपली आडत, म्हणजे भाजीची दलाली, मुनिमावर सोडून ते स्वतः हर्रासाला यायचे केव्हाच बंद झाले होते. पहाटे पाचला बाजार कसा दिसतो हे ते विसरले होते. "मी साडेपाचले येतो," ते म्हणाले, "अन् रद्द करून जातो. तुमी कायले झोपमोड करता, मॅडम?"

पोळा दोन दिवसांवर आला होता. सभेच्या दिवशी मी पहाटे आवारात पोचले तेव्हा पाच वाजायला थोडी मिनिटं होती. सगळे होते. मी मोजलं, पुन्हा मोजलं. गणपूर्तीहून कितीतरी जास्त. अध्यक्ष नाहीत, तर सभेने आपल्यातला एक निवडायचा असतो. सगळ्यांनी नत्थुजींकडे बोट दाखवलं, कारण ते ओट्यावर आधीच उभे होते. पाच वाजले. मी लिहिलं: "सभा नियोजित वेळेवर सुरू झाली." हे वाक्य मी या मंडळात पहिल्यांदाच लिहीत होते. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

नत्थुजींना सभा चालवायची एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी हात वर केला. "बोला! पार्बताबाईची गाडी! सांडानं तोडली! मंडळानं द्यावं का नाई? बोला!"

कुणी बोलेना. हर्रासातही पहिला बोल कुणी लवकर लावत नाही. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "सांडानं माह्या बी टमाटरची पाटी खाल्ली होती." त्याबरोबर बांध फुटला. कुणाची छत्री, कुणाचा वजनकाटा, कुणाच्या वहिनीचा पाय. प्रत्येकाजवळ एक सांड होता. एकाला तर तो कौंडण्यपूरच्या जत्रेत भेटला होता, जिथे ठेकेदार कधी गेलेला नाही. मी दोनदा म्हटलं, "मुद्द्यावर या," कुणी ऐकलं नाही. पालकाचे ढीग तसेच पडून राहिले आणि नत्थुजी अस्वस्थ होऊन एकदा लोकांकडे, एकदा पालकाकडे पाहू लागले.

"पुरे!" ते शेवटी ओरडले. "हो म्हणणाऱ्याईनं हात वर करा!"

पहिला हात मनोजचा गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो लाल झाला, पण हात खाली घेतला नाही. "सांड रोज येते म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "रोज येते म्हणूनच तं विमा पायजे." मग हातच हात.

"एक बार!" नत्थुजी ओरडले. "दोन बार!"

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. चंद्रभानजी, अंघोळ करून, टोपी घालून, तोंडात वाक्य तयार ठेवून आले. "गणपूर्तीअभावी सभा र..." आणि त्यांना हात दिसले. सगळ्यांत पुढे पुतण्याचा.

"अध्यक्ष, तुमी काय म्हणता?" नत्थुजींनी विचारलं. "मी तीन म्हणून राहिलो."

चंद्रभानजी काही बोलण्याआधी पार्बताबाई कडाडल्या, "चंद्रभान! तुले सांगून ठेवते, हात वर करू नको! खबरदार!"

चंद्रभानजी जागच्या जागी थिजले. हात वर करावा तर पार्बताबाई जिंकतात, न करावा तर पार्बताबाईंचं ऐकलं असं होतं. असा पेच त्या माणसाला आयुष्यात कुणी घातला नसेल. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि गोंधळून टोपी सावरायला म्हणून हात डोक्याकडे नेला.

"तीन बार!" नत्थुजी गरजले. "एकमतानं मंजूर! अध्यक्षासकट!"

बाजार असा हसला, की लिंबावरचे कावळे उडाले. चंद्रभानजींनाही शेवटी हसू फुटलं. ते म्हणाले, "लिवा मॅडम, काय लिवाचं ते." मी लिहिलं.

पण मान वर करून पाहते तर पार्बताबाई हसत नव्हत्या. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होत्या. महिनाभर खोटं रडलेली बाई, म्हणून आधी कुणाला खरंच वाटेना. मी शेजारी जाऊन बसले.

"काय झालं हो? मिळाली ना गाडी!"

"मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "मी अकोल्याची पिशवी भरून ठेवली हाय. काल रात्रीच भरली. गीताले फोन बी केला का उद्याच्या यष्टीनं येतो म्हणून. मले वाटलं, लोक हर्रासाले येतीन, पन माह्यासाठी हात कोन वर करते? जल्मभर मी साऱ्यायले बोलतच आली नं."

 शिकवण्यात माझं इतकं आयुष्य गेलं, पण या बाईच्या पोटात इतकी भीती आहे हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले.

"बाई, रडणं मंग," वरून नत्थुजींचा आवाज आला. "पालक सुकून राहिला. घेता का कोनी दुसऱ्याले देऊ?"

"दे तं खरं कोनाले!" पार्बताबाई नाक पुसत उठल्या आणि बोली लावली.

नवी गाडी सुताराकडून यायला दोन दिवस लागणार होते. पार्बताबाई पालकाचं ओझं घेऊन सवयीने मागच्या भिंतीकडे निघाल्या. कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, मीही पाहिलं. मनोजने आपली वाकडी गाडी ओढून पलीकडे नेली होती. लिंबाच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या बायांनी आपापल्या टोपल्या सरकवून घेतल्या होत्या आणि मधोमध, बरोबर एक गाडी मावेल एवढी, झाडून जागा मोकळी ठेवली होती. पार्बताबाईंनी तिथे तरट अंथरलं, पालक मांडला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "पाहून काय राहिली, माय? घे नं!"